बापूकाकांचं इंग्रजी

लाल खणात गुंडाळलेलं ते जाड पुस्तक बापूकाका पोथीसारखं सोडत, तेव्हा डांबरगोळ्यांचा उग्र वास बुधवारा पेठेतल्या त्यांच्या ओसरीभर पसरे... कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या दरबारी भाषणांचा तो संग्रह. हात धुतल्याशिवाय आम्हा शिकवणीच्या मुलींना त्याला शिवायची मुभा नसे. आमच्या प्रांताची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, कचेऱ्यांत इंग्रजीच्या जागी हिंदी आली, आणि निवृत्त हेडक्लार्क बापूकाका त्या पुस्तकाला अधिकच बिलगले — जणू साहेब नुसता जेवायला गेलाय, येईलच परत!

मला इंग्रजी भेटे ते रॉकेलच्या डब्यावर, औषधाच्या बाटलीवर, वडील गिरणीतून आणत त्या पुठ्ठ्यांवर. दुपारच्या सुस्त उजेडात अक्षराला अक्षर जुळवत मी तेच वाचत बसे.

"हा उकिरडा कशाला उपसतेस?" काका म्हणत. "वाचावं तर थोरामोठ्यांचं. मोठे शब्द धर, बारीकसारीक सोडून दे."

त्यांच्या जिभेवर त्या मोठ्या शब्दांची नुसती सूज होती. अर्थ विचारला की ते तपकीर ओढत.

कपाशीची पेरणी उरकली होती. जसोंडी गावचे शेतकरी उखाभाऊ सरकारी बियाण्याची पिशवी घेऊन ओसरीवर आले. आतल्या सरकीला गुलाबी भुकटी फासलेली, तिचा वास नाकाला झोंबणारा.

"काकासाहेब, पायलीभर सरकी उरली. म्हशीला घालू का? गाभण हाये ती. यावर काय लिखेल हाये, जरा सांगा ना."

काकांनी चष्मा चढवला, घसा खाकरला. "ट्रीटेड सीड! ट्रीट म्हणजे मेजवानी. उत्तम दाणा आहे, खुशाल घाल."

खालची बारीक ओळ त्यांनी वाचलीच नाही. मी वाचली. "काका, इथे 'नॉट फॉर फीड' आहे. नॉट म्हणजे नाही ना?"

"डबे वाचून शिकलेली पोर मला शिकवणार!" काका गरजले. साऱ्या मुली खळखळून हसल्या. माझे कान तापले. उखाभाऊ काकांच्या पाया पडून निघाले. त्यांच्या वहाणांची करकर गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत होती... मी जागची हलले नाही.

तिसऱ्या दिवशी म्हैस मेली, पोटातल्या रेडकासकट.

बापूकाकांची मान तसूभरही खाली गेली नाही. "नव्या राजवटीचा माल, दुसरं काय होणार!" म्हणत त्यांनी उखाभाऊंना भरपाईसाठी इंग्रजीत अर्ज लिहून दिला — त्याच फुगलेल्या शब्दांचा, ज्याचं उत्तर कधी आलं नाही. आणि उखाभाऊंनी, त्या भाबड्या माणसानं, केळीचा अख्खा घड त्यांच्यापुढे ठेवून हात जोडले. काकांनी तो घेतलाही!

परत जाताना उखाभाऊ माझ्यापाशी थांबले. "पोरी, त्या दिवशी तू काय बोलत होती?"

मी ती ओळ सांगितली, अर्थासकट: हा औषध फासलेला दाणा जनावराला घालायचा नाही.

"मंग माझ्या मागं का नई आली, माय?"

त्या ओसरीवर मी पुन्हा गेले नाही. काकांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली... बुधवाऱ्यात अजूनही कुणी त्यांच्या इंग्रजीची थोरवी गाऊ लागलं, की माझं तोंड कडू होतं. त्या तिरस्काराचा मोठा वाटा त्यांचाच. उरलेला माझा, तो मी कुणाला दिलेला नाही.