कारभारींची हडळ

पडदा वर जातो. नाशिकच्या भद्रकालीतल्या एका बोळातली दुपार. पत्र्याखाली छपाईयंत्र खडखडतंय. खिडकीपाशी तिरप्या फळीवर वाकून एक बुटका माणूस हडळीचे केस काढतोय. समोर स्टुलावर त्याची बायको केस मोकळे सोडून, दात विचकून बसलीय आणि मधूनच विचारतेय, "अहो, कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या?"

हे कारभारी निकम आणि त्यांच्या बयाबाई. कारभारी आमच्या नाटक कंपनीचे पडदे रंगवायचे. त्यांच्या स्मशानाच्या पडद्यापुढे मी कितीदा तरी मेले आहे. पाठीला खरोखर गार वारा लागायचा, मंडळी! पुढं कंपनी बसली, पडदे उंदरांनी खाल्ले, आणि १९९१च्या दिवाळीत कारभारींनी 'अवसेची पालखी' या भुतांच्या चित्रकथेचा पहिला अंक काढला. बत्तीस पानं. रंग दोनच, काळा आणि लाल.

अंक दर अवसेलाच निघे. सुरुवातीला स्टँडवरचे विक्रेते हात लावेनात. अवसेला नवा माल कोण उघडणार? त्यांतल्या एकट्या सुनीलनं गठ्ठा घेतला आणि दुपारच्या आत संपवला. मग सिन्नरच्या, वणीच्या एसटीत गठ्ठे चढू लागले. देवळाली कॅम्पात जवानांच्या बायका म्हणे अंक पिठाच्या डब्यात लपवत.

वाचकांची पत्रं बयाबाई मोठ्यानं वाचायच्या. "वणीच्या कुसाबाई लिहितात, तुमची हडळ बघितल्यापासून आमच्या सासूबाई अंधारात चोरून गूळ खायला उठत नाहीत. फार उपकार झाले." आणि स्वतःच डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या. नाशिक जिल्हा ज्या चेहऱ्याला घाबरायचा, तो हा.

घरोघरी केबल आली तसे गठ्ठे बारीक झाले. तरी एक अवस चुकली नाही. २००६च्या आषाढात बयाबाई गेल्या, तेव्हाही अंक निघाला.

पण त्या अंकात हडळीचे पाय सरळ होते.

हडळीचे पाय उलटे, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कारभारींनी पंधरा वर्षं ते उलटेच काढले होते. आता पानोपानी सरळ, वर बोटांत जोडवी. वाचकांनी झोडपलं. 'ही हडळ नव्हे, लग्नाला निघालेली मावशी आहे,' असं सिन्नरहून कुणी लिहिलं. पुढचा अंक आला, त्यातही तेच. त्याच्या पुढचाही तसाच. शेवटी सुनील मला घेऊन छापखान्यात गेला.

"काका, पाय फिरवा," तो म्हणाला. "लोक गठ्ठा परत आणून टाकतात. असं चाललं तर पालखी बंद पडंल. बाई, तुम्ही तरी सांगा ह्यांना."

"मी काय सांगू? मला त्यांनी कधी सिंहासनसुद्धा सरळ रंगवून दिलं नाही."

कारभारी हसले नाहीत. ब्रश धूत राहिले.

"फिरवून बघितले," ते म्हणाले. "चार कागद फाडले. बाई, तोंड माझ्याकडं आणि पाय पलीकडं. म्हणजे माझ्याकडं बघत बघत ती लांब चाललीय. नाही काढवत."

मी म्हटलं, "मग येऊ द्या की तिला अलीकडं."

पुढच्या अवसेचा अंक मी अजून जपून ठेवलाय. त्यात किंकाळी नाही, रक्त नाही. हडळ माळावरून निघते, ओढा ओलांडते, गावात शिरते, एका दारापुढं पाय धुते आणि आत जाते. दार लागतं. लाल रंग काय तो तिच्या कपाळावर.

सुनीलनं यंत्रापाशी उभ्याउभ्याच सगळा वाचला. नाक पुसलं.

"काका, झकास आहे. पण आता हिला बाहेर कशी काढणार? पुढच्या अवसेला काय छापायचं?"

कारभारींनी शाईच्या बाटलीला बूच लावलं.

"आत्ता कुठं घरात आलीय ती. बसू दे की जरा."