लोखंडवाल्या आजोबांची खंडेनवमी

मुलांनो, आपल्या शेजारच्या लोखंडवाल्या आजोबांइतका लोखंडात बुडालेला माणूस नाशकात दुसरा नाही, आणि त्यांनी जन्मात एक खिळा ठोकलेला नाही. त्यांचं लोखंड ताऱ्यांतलं. तिथल्या उष्णतेत लोखंडाच्या अणूतून इलेक्ट्रॉन निसटतात. असा अणू कोणता प्रकाश किती जोमाने देईल, याचं गणित ते घरच्या संगणकावर करतात. ते गणित असेल तरच दुर्बीणवाल्यांना ताऱ्याच्या प्रकाशातल्या रेषा वाचता येतात. मी त्यांना भाऊजी म्हणते. निवृत्तीनंतर लोक देवाला लागतात, भाऊजी लोखंडाला लागले. पंचवटीत तवा आणायला गेले ते रिकाम्या हाताने परतले. म्हणे, "त्याचे सगळे इलेक्ट्रॉन जागेवर होते, त्यात काय बघायचं?" वहिनी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाल्या, "मग आज ताऱ्यावरच पोळ्या भाजा." डॉक्टरांनी वहिनींच्या रक्तात लोह कमी सांगितलं, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "बघा, आकाशातलं मोजत बसले, घरातलं संपलं." भाऊजी पालक निवडायला बसले.

एका वर्षी परदेशातल्या दुर्बीणवाल्यांना दिसलेली एक रेषा भाऊजींच्या जुन्या आकड्याशी जुळेना. आकडा चुकला की त्यांचं वाचन, हे ठरवायला भाऊजींनी मोठं गणित लावलं. संगणक कित्येक आठवडे अखंड चालू होता. "माझाच आकडा बरोबर," असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगत. तेवढ्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी अवजारं वापरायची नसतात, पुजायची असतात. वहिनींनी विळी पुजली आणि भाऊजी अंघोळीला गेल्यावर संगणक बंद करून त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला.

मी प्रसादाला गेले, तर भाऊजी ओल्या पंचात त्या हारापुढे उभे.

"वर्षभर राबतो बिचारा," वहिनी म्हणाल्या. "एक दिवस नको त्याला?"

"अगं, आता सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

"स्वयंपाक मी रोज पहिल्यापासूनच करते. मला कोण हार घालतं?"

भाऊजींनी त्या दिवशी संगणकाला हात लावला नाही. दसऱ्याला मुहूर्त साधून पुन्हा सुरुवात केली. आकडा त्यांचाच खरा निघाला. दुर्बीणवाल्यांनी चिकटून असलेल्या दोन रेषा एकच समजून वाचल्या होत्या. वहिनींनी कॉलनीभर पेढे वाटले, कशाचे ते मात्र कोणाला नीट सांगता आलं नाही.

आता वहिनी नाहीत. यंदा खंडेनवमीला मी डबा घेऊन गेले. पुन्हा कसलंसं मोठं गणित महिनाभर चालू होतं, पण संगणक बंद होता. त्याला एक फूल वाहिलेलं. हार होता तो वहिनींच्या विळीला.

"भाऊजी, चालू गणित बंद केलंत?"

"एक दिवस नको त्याला?" ते म्हणाले, आणि विळीवरचा हार जरा सारखा केला.