अहो, तुम्ही मेलात

मालतीकाकूंनी उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. बँकेतल्या मुलीने विचारलं, "आजी, मिस्टरांचं नाव?" तर म्हणाल्या, "लोणी चोरलं म्हणून आईने ज्याला बांधलं, तो." मुलीने 'कृष्ण' लिहिलं. "अगं, बांधल्यानंतरचं नाव लिही!" मागे रांग खोळंबली. शेवटी मीच पुढे होऊन सांगितलं, "दामोदर." काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चारचौघांत शिवी दिली. अजून अपराधी वाटतं.

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत त्या माझ्या शेजारी. मी फावल्या वेळात एक मराठी गेम लिहिला होता. चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. तो आधी तुमचं नाव विचारतो, मग तुम्ही चालत चांदवडला निघता, घाटात राक्षस अडवतो आणि काय करायचं ते तुम्ही टाइप करायचं. त्यात मी काही गुप्त नावं दडवली होती. ते नाव लावून खेळलं की बक्षीस. माझ्या मुख्याध्यापकांच्या नावाला छत्री मिळे, सासूबाईंच्या नावाला जीप. 'दामोदर' या नावाला मात्र मरणच नव्हतं. कारण दामूकाकांची शिडी मी मागून आणली होती आणि परत द्यायची राहून गेली होती. आता द्यायची लाज वाटे, म्हणून अमरत्व दिलं.

गेम कुणीच खेळत नसे. काकूंचं माहेर चांदवडचं, म्हणून त्यांच्या टॅबवर घालून दिला. त्या माहेरी गेल्या की एसटीतून उतरायच्या आत काकांचा फोन ठरलेला, "अगं, पोचलीस का?"

गेमने नाव विचारल्यावर काकूंनी लिहिलं, 'अहो'. "घरात बसून असतात, जरा फिरून येऊ देत." राक्षस आल्यावर त्यांनी टाइप केलं, 'ये बाबा, बस, चहा घे.' चहा माझ्या गेमला समजत नव्हता. पडद्यावर आलं, 'अहो, तुम्ही मेलात.'

टॅब घेऊन काकू माझ्या दारात. "सुहास, जीभ झडो तुझ्या यंत्राची! माझं कुंकू शाबूत आहे अजून!" मी हात जोडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी राक्षसाला पुरणपोळी देऊ केली. अहो पुन्हा मेले.

अशात काकांच्या बायपासची तारीख ठरली. काकू हट्टाला पेटल्या. "त्याआधी यांना घाट पार करून दे. इथे मेलेलं ठेवून मी दवाखान्यात कशी जाऊ?"

मी गुपित फोडलं. "काकू, 'दामोदर' असं नाव टाका. मरणारच नाहीत."

"नाव लिहू?"

"कोण ऐकतंय?"

"यंत्र ऐकतंय ना. वर तूही आहेस."

"मग मी टाइप करतो."

"तुझे ते काका आहेत. नवरा माझा आहे."

बराच वेळ विचार करून त्यांनी एका बोटाने लिहिलं, 'चांदवडच्या घाटात राक्षसाने अडवली वाट, दामोदररावांचं नाव घेते, सोड मला मुकाट.' गेमने त्यातला शेवटचा तुकडाच नाव म्हणून घेतला आणि घाटात उत्तर दिलं, 'सोड मला मुकाट, तुम्ही मेलात.'

काकूंचा चेहरा पाहवेना. मी लॅपटॉप आणला, त्यांच्याच ओट्यावर ठेवला आणि ओळीत कुठेही 'दामोदर' असलं तरी चालेल अशी दुरुस्ती केली. काकूंनी पदर सावरून पुन्हा उखाणा घेतला. राक्षस बाजूला सरला. अहो चांदवडला पोचले. काका ऑपरेशनमधूनही सुखरूप आले. त्याचं श्रेय काकूंनी डॉक्टरांना अजिबात दिलं नाही. "घाट आधीच पार झाला होता," असं त्या भेटायला येणाऱ्यांना सांगत. ऐकणारे बुचकळ्यात पडत.

गेल्या हिवाळ्यात काकू झोपेतच गेल्या. तेराव्यानंतर काकांनी मला बोलावलं. "तिचा तो खेळ दाखव."

नावाच्या जागी त्यांनी लिहिलं, 'अगं'. मी थांबवायला हवं होतं. घाट आला, राक्षस आला. काका नुसते बघत बसले. काही टाइपच करेनात, वेळ संपली.

'अगं, तुम्ही मेलात.'

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. काकांनी चष्मा पुसला. "ते माहीत आहे," म्हणाले. "पण 'तुम्ही' कशाला? तिला मी कधी 'तुम्ही' म्हटलंय?" मग टॅब माझ्या हातात देत म्हणाले, "आणि माझी शिडी कुठाय रे?"

शिडी मी त्याच संध्याकाळी पोचवली. मग गुप्त नावांमध्ये 'अगं' घातलं. त्या नावाला आता माझ्या घाटात मरण नाही. चांदवडची वेस आली की फक्त त्याच नावासाठी एक ओळ उमटते:

'अगं, पोचलीस का?'