मला पाहायला आलेली माणसं

ज्या वर्षी सगळ्या सिंदी गावाला फ्लू झाला, त्या वर्षी आमच्या घरात अधिकृत आजारी माणूस एकच होता, तो म्हणजे मी. आणि मला फ्लू झालेला नव्हता.

मला होती ती झडप. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेला, त्यानं जाता जाता हृदयाची एक झडप अधू करून ठेवली, असं वर्ध्याच्या डॉक्टरांचं म्हणणं. मी तेव्हा कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत कारकून. पावसाळ्यात जिनिंग बंद, म्हणून घरीच. डॉक्टरांनी बजावलं, पळायचं नाही, ओझं उचलायचं नाही आणि मुख्य म्हणजे रागवायचं नाही. (कोण? मी! ज्याला वरणात मीठ जास्त पडलं तरी राग येतो, कमी पडलं तरी येतो, आणि नेमकं पडलं तर रोज का पडत नाही म्हणून येतो!)

"आणि ही फ्लूची साथ आली आहे," डॉक्टर म्हणाले, "ती यांना गाठता कामा नये. त्या तापात यांचं हृदय टिकेल याची खात्री मी देत नाही. कुणालाही जवळ येऊ देऊ नका."

माझी बायको शांता तिथंच खुर्चीचा हात धरून उभी राहिली. मीही घाबरलो. मला मरायचं नव्हतं, अजिबात नव्हतं.

साथ मुंबईहून निघाली आणि रेल्वेच्या रुळानं आली. पुलगाव, वर्धा, मग आमची सिंदी. पॅसेंजर गाडीसारखी एकही स्टेशन न सोडता! आमची माय म्हणाली, "मानमोडीच हाय थे. म्या पाह्यली हाय लहानपनी. तेव्हा घरात रडाले मानूस राह्यलं नव्हतं." एवढा धीर दिल्यावर शांतानं मला मागच्या खोलीत घातलं आणि दार लावून घेतलं. ताट उंबऱ्यावर ठेवायचं, तिनं मागं सरायचं, मग मी ते उचलायचं. हे शेजारच्या डोमाजीनं आपल्या अंगणातून पाहिलं.

"वहिनी, भाऊ काऊन दिसून नाई राह्यला?"

"झडप खराब हाय जी त्यायची. डाक्टरनं कोनाले भेटू नका म्हनलं."

बस्स. ती एवढंच बोलली. संध्याकाळपर्यंत बाजारात बातमी होती की नामदेव आता माणसं ओळखत नाही!

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. आमच्याकडे आजारी माणसाला 'पाहायला' जातात. लग्नाला नाही गेलात तर चालतं, बारशाला नाही गेलात तर कुणी विचारत नाही. पण सोयरा आजारी असताना पाहायला नाही गेलात, तर तुमचं नाव कायमचं कटलं. आणि माणसं ओळखेनासा झालेला सोयरा म्हणजे, आज पाहिला तर पाहिला!

पहिला आला डोमाजीच. शांता दारात आडवी उभी राहिली.

"नाई जी, डाक्टरनं..."

"सरक वं बाजूले," माय आतून ओरडली. "पाहाले आलेलं मानूस दारातून परत पाठवतं का? लोकं तोंडात शेन घालतीन माह्या!"

डोमाजी माझ्या पलंगावर बसला. पलंगापासून दूर नव्हे, पलंगावर! माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "माह्या साडभावाले हेच होतं. झडपच. चांगला बसला होता, चहा पेऊन राह्यला होता."

"मंग?"

"मंग का? कप भरेलच राह्यला."

मी तोंड उघडलं. मागून शांता कळवळून म्हणाली, "अहो, झडप!" मी तोंड मिटलं. पुढचे सगळे दिवस माझं आयुष्य या दोन शब्दांवर चाललं. राग पायापासून वर चढायचा, जिभेपर्यंत यायचा, आणि "अहो, झडप!" म्हटलं की तसाच परत खाली जायचा. डॉक्टर म्हणतात रागानं हृदय बिघडतं. राग गिळून काय बिघडतं ते त्यांनी एकदा येऊन पाहायला हवं होतं.

मग पुलगावहून गणपतमामा आले. मायचा सख्खा भाऊ. स्टेशनावरून खोकत निघाले ते खोकतच घरात शिरले. माझा हात हातात घेतला तर त्यांचा हात तव्यासारखा!

"मामा, तुमाले तं ताप हाय!"

"हाय थोडासा. तुही मामी म्हने घरीच पडून राहा. म्हटलं, मी मेलो तं चालन, पन भाच्याले पाहाचं राहून गेलं तं बहीन का म्हनन?"

"पन मामा..."

"चूप राय, आयकू दे." आणि मामांनी माझ्या छातीला कान लावला! कान लावल्या लावल्या जोराचा खोकला आला, तो सगळा माझ्या बनियनवर. खोकून झाल्यावर परत कान लावून म्हणाले, "धकधक तं बरोबर करून राह्यलं. डाक्टरले का समजते!"

"अहो, झडप!" शांता म्हणाली. मी उशी चावली.

मामा अजून बसलेलेच होते, तोच सखूआत्या हजर. आत्याचं पाहणं म्हणजे गळ्यात पडून रडणं. तिचं नाक आधीच वाहत होतं. ते रडण्याचं की फ्लूचं, कोण विचारणार?

"आत्या, थोडी दूर बस न वं."

"दूर बसून रडनं कसं जमन रे, बापा!" म्हणून ती आणखी जवळ आली.

मामांचा ताप वाढला. घरात पलंग एकच, माझा. पाहुण्याला भुईवर झोपवायचं कसं? म्हणून मामा माझ्या पलंगावर आणि ज्याच्यासाठी सगळी सरबराई चालली होती तो मी बाहेर पडवीत, बाजेवर! मग आत्या पडली. मग माय पडली. "मानमोडी, मानमोडी," असं ती कण्हत होती, पण आवाजात थोडं समाधानही होतं. तिचं म्हणणं खरं ठरलं होतं ना! आणि शेवटी शांता पडली.

घरात उभा माणूस एकटा मी. पेज शिजवायची मी, काढा करायचा मी, कपाळावर ओल्या घड्या ठेवायच्या मी. आणि पाहायला येणारे येतच होते! गल्लीतल्या चंद्रभागाबाई आल्या, तेव्हा मी चुलीपुढं फुंकणी फुंकत होतो. बाईंचा चेहरा एकदम पडला.

"हे का? तुमी तं उठून बसले!"

"घरातले सगळे तापानं पडले न, बाई."

"मंग मी पाहू कोनाले? इतक्या चिखलातून आली न मी! घडीभर झोपा बरं, भाऊ. पाहून घेतो अन् जातो."

काय करणार? बाजेवर झोपलो. बाई उशाशी बसल्या, उसासा सोडला, कुणीतरी असंच गेल्याची हकीकत सांगितली, डोळ्यांना पदर लावला आणि समाधानानं निघून गेल्या. मी उठलो तोवर पेज करपली होती. "अहो, झडप" म्हणायला कुणी शुद्धीत नव्हतं, म्हणून मी मनसोक्त ओरडलो. पण ऐकायलाही कुणी नव्हतं, त्यामुळे मजा आली नाही.

शांताचा ताप मात्र उतरेना. तेव्हा माझा सगळा तोरा गेला. माझ्या मरणाची तयारी सगळ्या घरानं चालवली होती. तिला काही होईल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. तिच्या कपाळावरची घडी मी सारखी बदलत राहिलो. देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. ती डोळे मिटूनच पुटपुटली, "बादली तुमी तं नाई उचलली न?"

"नाई," मी म्हणालो. विहिरीपासून चुलीपर्यंत दुसरं काहीही करत नव्हतो.

तिला घाम फुटला, ताप उतरला, आणि मी चुलीपाशी जाऊन धुराचं निमित्त करून रडलो. हळूहळू सगळे उठले. मामा पुलगावला निघताना म्हणाले, "चाल बाप्पा, तुले पाहून घेतलं, जीव भांड्यात पडला." आत्या परत एकदा गळ्यात पडून रडली. दार लागलं, घर शांत झालं. आणि मला कणकण आली.

आता हा खरा फ्लू! अंग फणफणलं आणि छातीत ठोके असे चालायला लागले की दोन पडायचे, तिसऱ्याची वाट बघायची. शांतानं जे होतं नव्हतं ते सगळं पांघरूण माझ्यावर घातलं आणि पायाशी बसून राहिली. मी डोळे मिटले की हाक मारून बघायची. मी दाराकडे बघत होतो. वाटलं, आता येतील. आता तरी येतील.

कुणी आलं नाही.

शांतानं विहिरीवर डोमाजीला सांगितलं. तो म्हणाला, "पाहून आलो न मी! एकाच दुखन्याले किती खेपा पाहाचं?" पुलगावला निरोप धाडला, तिकडून निरोप आला, "पाहून गेलो न. आता बरा झाला का सांगजो." आणि चंद्रभागाबाई तर आमच्या दारावरून सरळ पुढं निघून गेल्या, मी खिडकीतून पाहिलं! चिखल नव्हता, काही नव्हतं!

"यायच्या मायले!" मी ओरडलो. "मरून राह्यलो न मी इथं!"

"अहो, झडप!"

झडप टिकली. कशी टिकली कोण जाणे. ताप गेल्यावर डॉक्टर वर्ध्याहून मुद्दाम आले, नळी लावून छाती तपासली आणि खूश झाले.

"शाब्बास! असा पेशंट पाहिजे. इतक्या तापात कुणालाही जवळ येऊ दिलं नाही ना?"

"नाही," मी म्हणालो, "एक माणूस आला नाही हो!" आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

डॉक्टर दचकले. परत नळी काढायला लागले. "काय होतंय? दुखतंय कुठं?"

"काई नाई जी," शांता म्हणाली, "कोनी पाहाले नाई आलं म्हून."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, शांताकडे पाहिलं. नळी बॅगेत ठेवली, बॅग खाली ठेवली आणि खुर्ची ओढून माझ्या उशाशी बसले. "बरं," ते म्हणाले, "आता सांगा. कसं झालं?"

"शांता, चहा ठेव वं!" मी ओरडलो, "मले पाहाले आले हायेत!" आणि सकाळपासून ठणठणीत असलेला मी उशीला टेकून, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून, रीतसर कण्हायला लागलो.