वाल की राजमा

“तुमच्या आईला इथे ठेवाल का?”

आमच्या डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी भेटेल त्याला हाच प्रश्न विचारला. समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, मान किंचित वाकडी करायची आणि विचारायचं. मी त्या रुग्णालयात नर्स होते, अमळनेरहून लग्न होऊन सुरतेजवळच्या उधन्याला आलेली. मी पटकन म्हणाले, “ठेवेन की.” बाई म्हणाल्या, “सावकाश सांगा. मला घाई नाही.” आमच्या आयाबाई मात्र अहिराणीत सरळ बोलून गेल्या, “मनी मायले आठे? नही बाई.” तर बाईंचा चेहरा असा खुलला की आयाबाईच गोंधळल्या.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरची ती वर्षं. सगळं सुरत झाडूनपुसून निघत होतं, आणि आमच्या लहानशा ट्रस्टच्या रुग्णालयालाही आपण सुधारावं असं वाटू लागलं होतं. बाई मूळच्या विदर्भातल्या. यजमान बँकेत, त्यांच्या बदलीमुळे इकडे आलेल्या. ट्रस्टींनी त्यांच्यावर देखरेख सोपवली. आम्हाला वाटलं, आता चादरी आणि फिनेल तपासतील. बाईंना भलतंच काही मोजायचं होतं. “ताप मोजतो, नाडी मोजतो,” त्या म्हणाल्या, “पेशंटला जपण्याबद्दल आपल्या मनात काय आहे, तेही मोजू या.”

आता मनातलं कसं मोजणार? कितीतरी जणांना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांना अक्षर ओळखलं जाण्याची भीती. बाईंनी बाजारातून पांढरे वाल आणि लाल राजमा आणला. बिस्किटांच्या डब्याच्या झाकणाला भोक पाडलं आणि डबा पडद्याआड ठेवला. मोठ्या डॉक्टरांच्या हातून चूक होताना दिसली, तर थांबवाल का? थांबवणार असाल तर वाल टाका, गप्प राहणार असाल तर राजमा.

डबा उघडला तर सगळा लालेलाल. वाल शोधावे लागले.

“बेन, आता याची उसळ करा,” आमचे सर्जनसाहेब म्हणाले. त्यांना सगळे टरकून असत. बाईही मनापासून हसल्या. पण त्यांना काय आनंद झाला होता म्हणून सांगू. “अहो, माणसं खरं बोलली,” त्या मला सांगत सुटल्या. “आता कुठून सुरुवात करायची ते कळलं.” आणि सुरुवात त्यांनी स्वतःपासून केली. वॉर्डावॉर्डांत जाऊन एकच सांगायच्या, “मी चुकले तर मला टोका.” आम्ही माना डोलवायचो. डॉक्टरांना कोण टोकतंय?

मग ती दुपार आली. बायकांच्या वॉर्डात दोन सुमनबेन होत्या. एक बारडोलीची, पोटाच्या दुखण्याची. दुसरी बमरोलीच्या लूम कामगाराची बायको, बाळंतपणात खूप रक्त गेलेली. पंखा बिघडला म्हणून सकाळी मीच दोघींच्या खाटांची अदलाबदल केली होती. बमरोलीच्या सुमनला रक्त चढवायचं होतं. छोटे डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेले, म्हणून बाई स्वतः रक्ताची बाटली घेऊन आल्या आणि तिच्या नेहमीच्या खाटेपाशी थांबल्या.

“सुमनबेन ना?” त्यांनी विचारलं. बारडोलीची सुमन अर्धवट झोपेत “हा” म्हणाली.

बाईंनी तिचा हात हातात घेतला, सुई उचलली. मी पुढे झाले.

“बाई, थांबा.”

“नाव विचारलं ना मी, सिस्टर?” त्यांचा आवाज चढला होता. तसा मी कधी ऐकला नव्हता.

“दोघींचं नाव सुमनच आहे.”

बाईंचे कान लाल झाले. सुई खाली ठेवून त्या स्टुलावर बसल्या.   मग उठून, चिठ्ठी आणि बाटली माझ्याकडून दोनदा वाचून घेऊन, बमरोलीच्या सुमनला रक्त लावलं. तिचा चेहरा हळूहळू उजळताना आम्ही दोघींनी पाहिला.

त्यानंतर बाईंनी माझं मनगट धरलं आणि मला जवळजवळ पळवतच जेवणाच्या खोलीत नेलं. सर्जनसाहेबांसह सगळे तिथे होते. “आत्ता माझ्या हातून एक बाई दगावली असती,” त्या म्हणाल्या, “या सिस्टरांनी मला थांबवलं.” डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर हसू, दोन्ही एकदम.

“बेन, हे बाहेर कळलं तर?” सर्जनसाहेबांनी विचारलं.

“आत तरी कळू दे.”

 पुढच्याच आठवड्यात ऑपरेशनमध्ये टाके घालायच्या वेळी तिथल्या सिस्टर म्हणाल्या, कापसाचा एक बोळा कमी भरतोय. एरवी त्या शब्द गिळून गप्प बसल्या असत्या. साहेबांनी हात वर धरले, म्हणाले, “शोधा. मी थांबतो.” बोळा पेशंटच्या पोटातच निघाला. ती बातमी चहा पोचायच्या आत सगळ्या मजल्यांवर पोचली.

पुन्हा डबा ठेवला तेव्हा झाकण काढायला आम्ही गर्दी केली. अर्ध्याहून जास्त पांढरे. आयाबाईंनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी उरलेले लाल कुणाचे म्हणून विचारू लागलं, तर बाईंनी त्याला गप्प केलं. “ते घाबरलेले आहेत. त्यांच्याशी नीट बोला.”

यजमानांची बदली झाली आणि बाई गेल्या. ड्यूटी संपवून आम्ही चारपाच जणी उधना स्टेशनवर धावत पोचलो, तोवर गाडी हलली होती. बाई खिडकीशीच होत्या. समोर बसलेल्या कुठल्याशा म्हातारीचं बोलणं ऐकण्यात इतक्या गुंगल्या होत्या की आमच्याकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. आम्ही हाकही मारली नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिलो.