सत्तावीस नंबरचा बिल्ला

आधीच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. ‘नव्हता’ असं लिहिणार होतो, पण... असो. मी खराडीतल्या एका आयटी पार्कात फॅसिलिटी मॅनेजर आहे. म्हणजे लिफ्ट, एसी, पाणी, जनरेटर, संडास आणि ‘चौथ्या मजल्यावर संध्याकाळी कुणीतरी चालतं’ अशा तक्रारी, हे सगळं माझ्याच गळ्यात. ते चौथ्या मजल्यावरचं भूत मी स्वतः पकडलंय. छताच्या वरून जाणारा एसीचा डक्ट सैल झाला होता. दोन स्क्रू मारले, भूत गेलं. तेव्हापासून असल्या गोष्टी घेऊन येणाऱ्याला मी आधी तक्रारीचा फॉर्म भरायला लावतो.

तर दोन वर्षांपूर्वी आमच्या मॅनेजमेंटला फूड कोर्टसमोर ‘हेरिटेज’ हवं झालं. कुठल्यातरी बंद पडलेल्या वीज केंद्रात कोळशाच्या वाघिणी ओढणारं वाफेचं इंजिन भंगारवाल्याकडून उचलून आणलं. दोन रूळ टाकून त्यावर उभं केलं आणि लालभडक रंग दिला. गंमत म्हणजे त्याला धुराडंच नव्हतं. मग इंटिरियर डिझायनर बाई म्हणाल्या, “असं कसं? इंजिन वाटत नाहीये.” आणि त्यांनी पत्र्याचं एक धुराडं करून वर बसवलं. आता लोक त्याच्यासमोर बर्गर हातात धरून सेल्फी काढतात.

माझे वडील विदर्भातल्या एका वीज केंद्रात असलंच इंजिन चालवायचे. आई गेल्यापासून ते आमच्याकडे हडपसरला असतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, वॉकर घेऊन चालतात. म्हटलं, दाखवू त्यांना, खूश होतील. एका रविवारी सकाळी गाडीत घालून घेऊन आलो.

बाबांनी आधी ते धुराडं पाहिलं.

“हे नाक कोणी चिकटवलं?”

“डिझायनरनं.”

“अरे, हे बिनभट्टीचं इंजिन आहे. याच्यात विस्तवच नसते. धूर कुठून निघंल?”

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. केंद्रातल्या मोठ्या बॉयलरमधून याच्या टाकीत वाफ भरून घ्यायची, थर्मासमध्ये चहा भरून घ्यावा तशी. तीन-चार तास चालायचं, मग पुन्हा भरायची. कोळशाच्या यार्डात ठिणगी नको म्हणून हा प्रकार. आणि आवाज जवळपास नाहीच. उभं असलेलं इंजिन कधी हललं ते कळायचंही नाही, म्हणाले.

एवढं बोलले आणि वाकून इंजिनाखाली बघू लागले. एका बाजूनं बघितलं, वॉकर टेकत पलीकडे गेले, तिकडून बघितलं. मी आणि गार्डनं त्यांना धरून वर केबिनमध्ये चढवलं. वाफ सोडायच्या लांब दांड्यावर त्यांनी हात ठेवला आणि तो हळूहळू टोकापर्यंत फिरवला. मला वाटलं, आठवणींनी भरून आलं असेल.

“इथं बिल्ला लावत होतो,” ते म्हणाले. “परत्येकाचा आपल्या नंबरचा पितळी बिल्ला. इंजिनाखाली कोणी तेल-ग्रीस कराले गेला, तर आधी या दांड्याले आपला बिल्ला अडकवाचा. बिल्ला आहे म्हणजे खाली माणूस आहे. दांड्याले कोणी हात लावाचा नाही. आणि ज्याचा बिल्ला, त्यानंच काढाचा. दुसऱ्यानं नाही. साहेब आला तरी नाही.”

“म्हणजे आमचं लॉक-आउट टॅग-आउट,” मी म्हणालो. मी दर तिमाहीला यावर ट्रेनिंग देतो, स्लाइड्ससकट.

बाबांनी दांड्यावरचा हात काढला आणि खाली उतरवायला सांगितलं.

त्या दिवसापासून बाबांचं काहीतरी बिनसलं. जेवता जेवता उठायचे, खिडकीत जायचे, परत बसायचे. त्यांची एक पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात एक छोटा डबा. तो सकाळ-संध्याकाळ उघडून बघायचे आणि ट्रंकेला पुन्हा कुलूप लावायचे. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात. माझी बायको वैशाली घरूनच काम करते, तिच्या हे सगळं लक्षात आलं होतं. आणि मला रोज दुपारी दीडच्या सुमारास फोन. रोज!

“मिलिंद, इंजिनाखाली पाह्यलं का?”

“बाबा, ते शोपीस आहे. जागचं हलत नाही.”

“तरी पाह्य न बाप्पा.”

सुरुवातीला हसलो. मग ‘हो, बघितलं’ असं जागेवरूनच खोटं सांगू लागलो. एकदा मीटिंगमधून उठून फोन घ्यावा लागला, तेव्हा ओरडलोच, “तुम्हाला दुसरा उद्योग नाही का?” त्याचं अजून वाईट वाटतं. दुसऱ्या दिवशी दीड वाजता त्यांचा फोन आलाच.

नंतर ठरलं की फूड कोर्ट वाढवायचं, म्हणून इंजिन वीस फूट मागं घ्यायचं. मागच्या बाजूला रूळ जोडले, हायड्रा क्रेन मागवली. तार बांधून रुळांवरूनच ओढायचं, अर्ध्या तासाचं काम. संध्याकाळी तिथे कुठल्यातरी कंपनीचा कार्यक्रम होता, त्यामुळे दुपारीच उरकायचं होतं. आदल्या दिवशी मी केबिनचा व्हिडिओ काढून ठेवला. काही मोडलं तर कॉन्ट्रॅक्टर म्हणणार, आधीच मोडलेलं होतं. व्हिडिओत दांडा स्वच्छ दिसतो. त्यावर काहीही नाही. हे लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे तयार. गार्डनं ‘एरिया क्लिअर’च्या चेकलिस्टवर सही केली होती. क्रेनचा सुपरवायझर मी ‘ओढा’ म्हणून अंगठा वर करायची वाट बघत होता. पावणेदोन वाजत आले होते आणि बाबांचा फोन आला नव्हता. मनात म्हटलं, सुटलो आज.

शेवटची नजर टाकावी म्हणून केबिनमध्ये चढलो. दांड्याला पितळी बिल्ला लटकत होता.

रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा, वर भोक, भोकात तार. कोरलेला आकडा २७. मला पहिल्यांदा राग आला तो डिझायनर बाईंचा. म्हटलं, हिला काल संध्याकाळी अजून एक कल्पना सुचली! धक्क्यानं पडेल, हरवेल आणि बिल माझ्या नावावर फाटेल, म्हणून तार सोडवली आणि बिल्ला खिशात टाकला. बोटांना तेल लागलं. ताजं, काळं, घट्ट तेल. ते पँटला पुसलं, खाली उतरलो आणि सुपरवायझरकडे बघून अंगठा वर केला.

हायड्राची तार ताणली गेली. चाकांतून कुरकुर आवाज आला. आणि फोन वाजला.

“मिलिंद,” बाबांचा आवाज ओळखू येईना, “माझ्या डब्यातला बिल्ला नाही. सकाळी होता. आता नाही.”

“कसला बिल्ला?”

“वामनचा. सत्तावीस नंबर.”

मी खिशातून काढून बघितला. बघायची गरज नव्हती खरं तर.

“बाबा... तो इथे आहे. दांड्यावर होता.”

“काढला कोणी?”

“मी.”

पुढे ते जे ओरडले ते शब्द मला सांगता येणार नाहीत. तोपर्यंत मीही ओरडत सुटलो होतो. थांबवा, थांबवा! सुपरवायझरनं हात वर केला, तार सैल पडली. मी पालथा होऊन इंजिनाखाली बघितलं. काही दिसेना. पलीकडच्या बाजूला धावलो. त्या बाजूला सजावटीच्या कुंड्यांची रांग आहे, तिच्यामुळे गार्ड तिकडे गेलाच नव्हता. कुंडी सारून वाकलो.

मागच्या चाकाजवळ, दोन रुळांच्या मध्ये, आमच्या हाउसकीपिंगच्या सुमनताई झोपल्या होत्या. कानात लेकीचे इयरफोन. पदराचं टोक रुळावर. आणि जेवणाचा स्टीलचा डबा रुळावरच ठेवलेला, चाकाला टेकून. झाकणाची कड चेपून सपाट झाली होती. इंजिन तेवढंच सरकलं होतं.

मी त्यांना अक्षरशः ओढून बाहेर काढलं. पन्नाशीच्या बाई, लोणी काळभोरहून बसनं येतात, पहाटे चारला उठलेल्या असतात. डोळे चोळत म्हणाल्या, “काय झालं, सायेब? रोज पडते की हितं घटकाभर. गार सावली हाय.” मग त्यांनी क्रेनच्या तारेकडे बघितलं, चेपलेल्या झाकणाकडे बघितलं आणि मटकन खाली बसल्या.

मीही तिथेच बसलो.

काम रद्द केलं आणि घरी गेलो. बाबा ट्रंकेसमोर जमिनीवर बसलेले, डबा उघडा. वैशाली म्हणाली, “कुणी आलं नाही, गेलं नाही. मी हॉलमध्येच बसले होते दिवसभर. यांना तर लिफ्टसुद्धा एकट्यानं गाठता येत नाही.”

मी बिल्ला बाबांसमोर ठेवला. त्यांनी तो उचलला नाही. आणि मग त्यांनी मला वामनकाकांचं सांगितलं.

वामनकाका त्यांच्या आधीच्या पाळीतले, जिवलग दोस्त. त्यांचा एक दोष होता. बिल्ला लावायला कधी विसरायचे नाहीत, पण काढायला विसरायचे. तसेच घरी निघून जायचे, मग इंजिन अडकून पडायचं आणि क्वार्टरवर माणूस पाठवावा लागायचा. त्या दिवशी दुपारी दीडला बाबा पाळीवर आले तर दांड्यावर सत्तावीस नंबर. हाक मारली, उत्तर नाही. कोळशासाठी वरून बोलावणं चाललं होतं. कुणीतरी म्हणालं, वामन गेला असंल घरी. बाबांनी बिल्ला काढून खिशात टाकला आणि दांडा ओढला.

“इंजिनचा आवाजच नाही न बाबू,” ते म्हणाले. “खाली त्याले कळलंही नसंल.”

मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसलो.

“चौकशी झाली. मले इचारलं, बिल्ला होता का? मी म्हटलं, नव्हता. तवा तो माह्या खिशातच होता. साऱ्यांनी लेहून घेतलं, वामननं बिल्ला लावला नाही, त्याचीच चूक.”

इतकी वर्षं हे बाबांच्या पोटात होतं. मी त्याच क्वार्टर्समध्ये वाढलो, वामनकाकांच्या लेकीबरोबर, निर्मलाताईबरोबर, शाळेत गेलो. तिच्या वडिलांचं उदाहरण देऊन आम्हा पोरांना सांगितलं जायचं, निष्काळजीपणा केला की असं होतं. मला बाबांचा संताप आला. खरंच आला. “एवढं ठाऊक असून तुम्ही हात लावलातच कसा?” असं मी विचारलं.

त्यांनी वर बघितलं. आवाजात राग नव्हता.

“तुले तर मी नियम सांगितला होता. तू तरी काढलाच न?”

मी पँटवरच्या तेलाच्या डागाकडे बघितलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला निर्मलाताईचा नंबर शोधून लावायला सांगितलं. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “काका, आई मरेपर्यंत म्हणत होती, ते बिल्ला लावाले विसरणार नाहीत.” आणि फोन ठेवला. बाबा तोंडावर पंचा घेऊन रडले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आईच्या वेळीही नाही.

बाबांच्या हट्टानं दुसऱ्या दिवशी मी बिल्ला परत दांड्याला लावला. ज्याचा त्यानंच काढायचा. वामनकाका तर येणार नव्हते. मॅनेजमेंटला मी कधी जमिनीची तपासणी, कधी कुठली परवानगी अशा थापा मारत राहिलो आणि इंजिन तीन आठवडे जागचं हलू दिलं नाही. मग एक दिवस निर्मलाताई स्वतःहून आली. बाबांशी एक शब्द बोलली नाही. केबिनमध्ये चढली, तार सोडवली, बिल्ला कपाळाला लावला आणि पर्समध्ये ठेवला. खाली उतरून मात्र तिनं बाबांचा वॉकर सरळ करून त्यांच्या हातात दिला.

आता चौकस वाचकांसाठी. हो, सीसीटीव्ही बघितला. त्या दिवशी सकाळपासून माझ्याआधी केबिनमध्ये कुणीही चढलेलं नाही. दांडा मात्र दिसत नाही, कारण कॅमेऱ्याच्या बरोब्बर मध्ये ते पत्र्याचं धुराडं येतं! डिझायनर बाईंना विचारलं, त्यांना बिल्ला म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. ट्रंकेचं कुलूप धड होतं, किल्ली बाबांच्या गळ्यात. पँटवरचा तेलाचा डाग धुऊन गेला नाही, आणि त्या इंजिनात तर तेलाचा थेंब नाही, मीच ते कोरडं करून घेतलं होतं. बिल्ला तिथे कसा आला, मला माहीत नाही. सगळी गणितं मांडून झाली. एकही जुळत नाही.

पण खरं सांगू? झोप उडाली ती त्यामुळे नाही. बिल्ल्याची मला भीती वाटत नाही, तो तर वाचवायला आला होता. भीती वाटते माझ्या हाताची. नियम माहीत होता, स्लाइड्स माझ्याच होत्या, तरी सरळ काढला आणि खिशात टाकला. हल्ली मी गाडी सुरू करायच्या आधी वाकून खाली बघतो. वैशाली हसते, हसू दे.

परवा बी विंगच्या लिफ्टच्या पॅनेलवर ‘काम चालू आहे’ची पाटी लटकत होती. जेवणाची वेळ, आसपास कुणी नाही, आठव्या मजल्यावरून फोनवर फोन. लिफ्टवाले पाटी विसरून गेले असणार, असं वाटलं. माझा हात पाटीपर्यंत गेलासुद्धा होता. मग तो मागं घेतला, दाराच्या फटीला तोंड लावलं आणि हाक मारली, “कोणी आहे का आत?”

खालून, लिफ्टच्या खड्ड्यातून आवाज आला. “आहे हो, आहे!”