पडेगावचं घर आणि नामदेवची सही

"मी कुणाच्या बापाचं कर्ज घेतलं नाय, अन् पडेगावात माझी मेंढीसुदिक कधी बसली नाय," नामदेव ओरडत होता. बँकेत, भर दुपारी.

नामदेवचा आवाज म्हणजे काय सांगू — टेकडीपल्याड गेलेलं मेंढरू एका हाकेत माघारी वळवणारा. बँकेच्या काचा थरथरल्या, डोक्यावरचा पंखा क्षणभर उलटा फिरला, पैसे मोजणारा कॅशिअर आकडा विसरून परत एकपासून सुरू झाला. आणि मी? मी खांबाआड, हातात गुलमंडीवरचे अर्धा किलो पेढे घेऊन उभा.

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. तशी माझ्या तोंडाला कुलूप कुणी घालू शकत नाही — चितेगावच्या कंपनीत लोक माझ्या गप्पा ऐकायला जेवणाची सुट्टी वाढवून मागायचे — पण ही गोष्ट दाताआड राहिली. बायकोलाही अर्धीच ठाऊक. तुम्हाला पुरी सांगतो.

आधी पेढ्यांचं. त्या दिवशी माझ्या टेम्पोचं कर्ज मंजूर झालं होतं. त्यात काय एवढं, म्हणाल. ज्याचं घर बँकेनं लिलावात काढलं, त्याला विचारा काय ते.

पडेगावला आमचं रो-हाऊस होतं. मी लोकांना सांगायचो, गच्चीवर उभं राहिलं की दौलताबादच्या किल्ल्यावरच्या पहारेकऱ्याच्या मिशा दिसतात. मग कंपनी बंद पडली, हप्ते थकले, आणि एक दिवस दारावर बँकेचा कागद चिकटला. शेजाऱ्यांना मी काय सांगितलं? घर विकलं. वास्तुदोष होता, म्हणून एका डॉक्टरला दुप्पट भावात विकलं — तोही हाडांचा डॉक्टर. लोकांनी अभिनंदन केलं. दोघांनी पार्टी मागितली, आणि मी दिली. घर गेल्याची पार्टी देणारा मराठवाड्यात मी पहिलाच असेन.

मग भाड्याच्या दोन खोल्या, आणि शून्याखालून सुरुवात. पत कशी असते माहीत आहे? काच फुटावी तशी एका क्षणात जाते, आणि परत यायची तर गोगलगाईसारखी येते. मला कुणी हप्त्यावर कंगवा दिला नसता. शेवटी एका पतसंस्थेत आमचीच चार पैशांची ठेव ठेवली आणि आमच्याच पैशावर आम्हीच कर्ज काढलं — फेडायला. हसू नका, पत अशीच परत बांधतात. मग मिक्सर हप्त्यावर. मग फ्रीज. हप्ता पाच तारखेला, तर मी एक तारखेला पतसंस्थेच्या दारात. तिथला शिपाई म्हणायचा, काका, कुलूप तरी उघडू द्या. दर तीन महिन्यांनी मोबाईलवर माझा क्रेडिट स्कोअर बघायचो. बारा आकड्यांनी वाढला की मी घरात असा नाचायचो की खालचा भाडेकरू वर यायचा. शेजारच्या पोराचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही तो इतका नाचला नसेल. अजूनही तो आकडा आठवला की अंगावर काटा येतो — आनंदाचा. हे खोटं कशाला सांगू?

आता नामदेवचं. सांगतो — थांबा — सांगायचंच आहे.

नामदेव माझा बिडकीनचा शाळासोबती. शाळा मी दहावीपर्यंत केली, त्यानं चौथीपर्यंत, कारण घरची मेंढरं त्याच्या वाट्याला आली. घराचं कर्ज काढताना बँकेला जामीनदार हवा होता, नावावर जमीन असलेला. माझे पाहुणे पटापट आजारी पडले. नामदेवच्या नावावर दोन एकर होती. गुरुवारी तो छावणीच्या बाजारात बोकड विकायला आला, तिथून मी त्याला स्कूटरवर घातला. एक बोकड विकायचा राहिला होता, तो दोघांच्या मध्ये. बँकेत त्यानं विचारलं, दिग्या, कशाची सही?

मी म्हणालो, साक्षीदाराची.

साक्षीदाराची. जीभ जराही अडखळली नाही. लग्नात नाही का करत तू, तशीच, असंही वर म्हणालो. त्यानं जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरून सही केली. खाली बोकडानं बँकेच्या फरशीवर जे करायचं ते केलं, आणि लोकांच्या हसण्यात सगळं विरून गेलं.

लिलावानंतर उरलेली बाकी मी फेडली, दोन वर्षांत. माझ्या नावावरचा डाग निघाला. पण जामीनदाराचा डाग आपोआप निघत नाही, त्यासाठी वेगळा अर्ज लागतो, असं मला बँकेनं सांगितलं. पैसा लागत नाही. एका पानाचा अर्ज — खाली माझी सही, आणि त्याची. त्याची सही मागायला जायचं म्हणजे पहिली सही कशाची होती, घर कुठं गेलं, हाडांचा डॉक्टर कोण — सगळंच सांगणं आलं. मी अर्ज आणला, घडी घातली आणि कपाटात ठेवला. मग फ्रीज घेतला.

त्या दुपारी नामदेव शेळ्यांच्या शेडसाठी कर्ज मागायला आला होता. त्याची बायको सखूबाई, तिचे गुडघे कामातून गेले होते. मेंढरांमागं गाव-गाव हिंडणं तिच्यानं होत नव्हतं. शेळ्या एका जागी पाळायच्या, तिनं बसून चारा घालायचा, एवढाच बेत. बाई अधिकारी म्हणाल्या, तुमच्या नावावर पडेगावच्या घराचं थकलेलं कर्ज दिसतंय.

आणि ओरडता ओरडता त्याला मी दिसलो.

"हा बघा दिग्या. ह्याचं घर व्हतं पडेगावात, डॉक्टरला इकलं त्यानं. ह्याला इचारा, माझं काय हाय तिथं."

माझं कर्ज मंजूर झालेलं होतं. कागद खिशात. कुणी काढून घेणार नव्हतं. एक वाक्य बोललो असतो तर माझं काय गेलं असतं? फक्त तो डॉक्टर. मला तो डॉक्टर नामदेवपेक्षा प्यारा झाला. मी पुढं झालो आणि नामदेवपेक्षा मोठ्यानं ओरडलो — गरीब माणूस बघून कॉम्प्युटरसुद्धा दादागिरी करतो काय, दुसऱ्या कुणा नामदेवचं कर्ज ह्याच्या गळ्यात घालता काय. असा गरजलो की रांगेतल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. आणि सांगू? मला मजा आली. त्या क्षणी खरंच मजा आली.

नामदेवचं कर्ज नामंजूर झालं. तो अर्ज अजून माझ्या कपाटात आहे, स्वेटरांखाली. टेम्पो जोरात चालतो. बिडकीनच्या रस्त्यावर कधी कधी मेंढरांचा कळप आडवा येतो, मागं सखूबाई असते, काठी टेकत. मी हॉर्न न वाजवता थांबतो.

त्या दिवशी बाहेर चहाच्या गाड्यावर मी नामदेवला समजावत राहिलो — पैठणला तुझ्या नावाचा कुणीतरी असणार, आपण शोधून काढू त्याला. तो ऐकत होता. मग त्यानं पुडक्याकडं बघितलं, पेढे कशाचे म्हणून विचारलं. मी सांगितलं, टेम्पोचं कर्ज झालं. त्यानं एक पेढा उचलला, अर्धा खाल्ला, अर्धा सखूबाईसाठी रुमालात बांधला.

"बरं झालं," तो म्हणाला. "दोघांतलं एकाचं तरी झालं."